उपाशी गावाचा श्वास

२०४४ सालच्या भाद्रपदात आमचं जयसिंगपूर आजारी पडलं. म्हणजे यंत्राचं तसं म्हणणं होतं. गावात सगळं रोजच्यासारखं चालू होतं, आणि पुढे जे झालं ते काही आजारानं झालं नाही. मी आता चौऱ्याऐंशीची आहे. त्या वेळी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता आपल्याला कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही, अशी माझी समजूत होती.

माझ्या वडिलांच्या पिढीनं तंबाखूच्या वखारींत पैसा घातला. आमच्या पिढीनं पुण्यात फ्लॅट घेतले. त्यानंतर देश असा काही झपाट्यानं वर चढला की एक दिवस सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, लोक पैसेवाले होतायत, म्हातारेही होतायत, आणि दवाखान्यांत खाटा पुरत नाहीत. मग पैसा तिकडे वळला. परदेशातला आला, पेन्शनवाल्यांचा आला, पतपेढ्यांचा आला. मोठ्या शहरांतले दवाखाने विकत घेऊन झाले तसे निधीवाले आमच्यासारख्या गावांत उतरले. आमच्याकडे आला त्याचं नाव प्राणवर्धन निधी. त्यानं सहाव्या गल्लीतलं रत्नाबाई प्रसूतिगृह घेतलं, त्याला रंग दिला, नवी यंत्रं बसवली, आणि गावाला सांगितलं की तुम्हीही यात भागीदार व्हा.

गावानं ऐकलं, कारण सांगणारा माझा भाऊ होता. सन्मती आवटी. आयुष्यभर विमा विकलेला माणूस. कुणाच्या घरी कोणता सण कसा होतो, कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, हे त्याला तोंडपाठ. निधीची युनिटं, म्हणजे त्यातले हिस्से, त्यानं घराघरात नेऊन पोचवली. चहाबरोबर बिस्किट द्यावं तशी.

निधीबरोबर फुंकणी आली. तिचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिला फुंकणी करून टाकलं. न्हाणीघरातल्या आरशाच्या चौकटीत बोटाएवढी जाळी बसवायची, सकाळी तिच्यासमोर एक श्वास सोडायचा, की काम झालं. सगळं ठीक असलं तर आरशाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका, नसलं तर लाल. रोज फुंकर मारणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सूट होती, त्यामुळे कुणी चुकवत नसे.

यंत्र चांगलं होतं, हे मी आजही म्हणते. आपल्या श्वासातून नुसती हवा बाहेर पडत नाही. शरीरात जे जे शिजतं, जळतं, कुजतं, त्याचा अंश रक्तातून फुफ्फुसात येतो आणि श्वासाबरोबर निघून जातो. यकृत बिघडलं की एक वास, मूत्रपिंड थकलं की दुसरा. आपल्या नाकाला जे कळत नाही ते फुंकणी रेणू मोजून सांगायची. मधुमेहासाठी ती ॲसिटोन बघायची, नखांचा रंग पुसायला वापरतात तेच. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला लागतं, आणि चरबी जळली की ॲसिटोन तयार होतं. औषध न घेणाऱ्या मधुमेह्याच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो तो त्याचाच.

पण शरीर आणखी एका कारणानं चरबी जाळतं. पोटात अन्न नसलं म्हणजे.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून आमचं दशलक्षण पर्व असतं. जयसिंगपुरात आम्हा जैनांची घरं पुष्कळ. त्या दिवसांत कुणी एक वेळ जेवतं, कुणी एक दिवस आड उपवास करतं, आणि काही जण दहाच्या दहा दिवस नुसत्या पाण्यावर काढतात. माझी आई दरवर्षी करायची. सातव्या-आठव्या दिवशी तिच्या कुशीत शिरलं की पिकल्या पेरूचा वास यायचा. मला लहानपणी वाटायचं, देव जवळ आला की माणसाला असा वास येत असणार.

त्या वर्षी फुंकण्या आषाढात बसल्या. श्रावणात अष्टमी-चतुर्दशीचे उपवास सुरू झाले, भाद्रपदात पर्व आलं. घरोघरी आरशात लाल ठिपके उमटले आणि लोक हसले. माझी भावजय विमल दहा उपवासांना बसली होती. ती म्हणाली, "वन्सं, मी म्हणे मरायला टेकलेय. आरसा सांगतोय." आणि खो खो हसली.

आरशाला ती विमल आहे हे ठाऊक होतं. निधीला ठाऊक नव्हतं. खाजगी माहितीचा कायदा कडक होता, म्हणून फुंकणी माहिती पुढे पाठवताना नाव, वय, जात, धर्म सगळं पुसून टाकायची. वर जायचा तो फक्त गावाचा श्वास, सगळ्यांचा मिळून एक. त्या श्वासावरून निधीचं मोठं यंत्र पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधायचं, कुठल्या गावात कुठला आजार वाढणार, कुठे काय बांधलं तर चालेल. पैसा त्या अंदाजामागून जायचा. आलेखात आमच्या गावाची ॲसिटोनची रेघ श्रावणात चढायला लागली आणि भाद्रपदात सरळ वर गेली. यंत्रानं ती तशीच पुढे ओढली. पाच वर्षांत निम्मं गाव मधुमेही!

निधीनं आठवड्यात शिबिर घेतलं. बोट टोचायची गरज नाही, श्वासच पुरे, ही त्यांची शेखी होती, त्यामुळे रक्त कुणाचं तपासलं नाही. आहाराचं पत्रक आणि सौम्य गोळ्यांची पाकिटं वाटली. लोकांनी ती नम्रपणे घेतली आणि फडताळात टाकली. तोवर पर्व संपलं होतं, पारणी झाली होती, लोक जेवायला लागले होते. रेघ खाली आली. निधीनं जाहीर केलं की आमच्या गोळ्यांनी एक अख्खं गाव सावरलं. वर्तमानपत्रांत 'जयसिंगपूर पॅटर्न' छापून आला आणि युनिटांचा भाव उसळला.

त्याच बातमीत खाली होतं की गावात पाच मजली मधुमेह केंद्र होणार. जागा, सहावी गल्ली. जन्मदर घटतोय, त्यामुळे प्रसूती विभाग बंद करण्यात येईल.

डॉ. शबाना मुजावर त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. रत्नाबाईची प्रमुख डॉक्टर, आणि एके काळची माझी विद्यार्थिनी. खुर्चीच्या टोकावर बसली, परीक्षेच्या आधी बसायची तशी.

"मॅडम, हे ॲसिटोन आहे ना? उपवासाचं?"

"दुसरं काय असणार? चहा टाकू?"

"यंदा श्रावण आणि रमजान बरोबरच आले. आमच्या मोहल्ल्यातल्या फुंकण्या हिरव्याच राहिल्या. मी विचार करत होते, का. मग कळलं. रोजा सोडला की श्वासातलं ॲसिटोन रोज रात्री खाली येतं. ती खूण यंत्राला शिकवलेली आहे, जगभरात रोजे करतात म्हणून. नवरात्राचीही शिकवलीय. तुमचे दहा दिवस कुणी त्याला सांगितलेच नाहीत."

"आम्ही मूठभर. कोण विचारतंय आम्हाला?"

"मी कळवलं त्यांना. काहींचं रक्त तपासून आकडे पाठवले. उत्तर आलं, नमुना फार लहान आहे." तिनं कप हातात घेतला, प्यायली नाही. "माझ्याकडे आत्ता सात महिने भरलेल्या कितीतरी बायका आहेत. शिरोळकडच्या, उदगावच्या. त्यांना सांगू काय? पाठ दुखायला लागली की सांगलीची बस धरा?"

मी म्हटलं, "गावातल्या लोकांशी बोल की."

ती थकल्यासारखी हसली. "गावाला माहीत आहे, मॅडम. भाव वाढलाय."

ते मला खोटं वाटलं होतं. मग भाऊबीज आली.

सन्मती पाटावर बसला. मी ओवाळलं. तबकात त्यानं पाकीट टाकलं नाही, फोन काढून दाखवला.

"अक्का, यंदाची ओवाळणी वेगळी. तुझ्या नावावर युनिटं टाकलीत."

"मला साडी चालली असती."

"साडी विरती. ही वाढत्यात."

"कशानं वाढत्यात, सन्मती?"

तो निरांजनाकडे बघत राहिला. "तुला ठाऊक हाय कशानं."

"मग सांग की त्यांना."

"मी? अगं अख्ख्या बस्तीला ठाऊक हाय. देवळातल्या उपाध्यांना ठाऊक हाय, दूध घालणाऱ्याला ठाऊक हाय. कुणी तोंड उघडलं का? तूच तेवढी शहाणी?"

"रत्नाबाई बंद होणार."

"आणि पाच मजली दवाखाना होणार! ते कुठं बोलतीस? पोरं काय, सांगलीत होतील. गाडीत बसलं की सांगली."

"कळा येणाऱ्या बाईला गाडीत बसवून बघ एकदा."

"झालं! रसायनशास्त्र शिकवून भागलं न्हाई, आता बाळंतपण शिकवणार मला."

मला हसू आलं. त्यालाही आलं. लहानपणापासून आमची भांडणं अशीच मध्येच फुटायची. पण त्या दिवशी तो लगेच गंभीर झाला.

"हे बघ अक्का. लोकांनी निधीकडं बघून पैसे घातले न्हाईत. माझ्या तोंडाकडं बघून घातलेत. कुणी पोरीच्या लग्नाचे, कुणी शेत विकून आलेले. भाव पडला तर ते मुंबईला निधीकडं जायचे न्हाईत, माझ्या दारात येत्यात. तू गप्प बस. एवढीच ओवाळणी मागतो."

"भाऊ ओवाळणी देतो," मी म्हटलं. "मागत नसतो."

तो फराळ न करता उठला.

त्यानंतर मी बरेच दिवस काही केलं नाही. खरं तर मला काही करायचंच नव्हतं. गुडघे दुखत होते, आणि आपलं माणूस दुखावून जिंकण्यात काय मिळतं हे मला त्या वयात कळत होतं. पण निधीचा माणूस गावात येणार, भागीदारांची सभा होणार, आणि त्यात केंद्राला मंजुरी घेणार, असं कळलं. मी शबानाला फोन केला आणि म्हटलं, मी तीन उपवास धरते. पर्व नाही, काही नाही. तू रोज माझं रक्त घे, आणि फुंकणी काय म्हणते ते लिहून ठेव.

"तुमचं वय बघता मी डॉक्टर म्हणून नाही म्हणेन."

"विद्यार्थिनी म्हणून?"

दुसऱ्या दिवशी ती सुई घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी माझ्या आरशात लाल ठिपका लखलखत होता. रक्तातली साखर मात्र एखाद्या मुलीची असावी तशी.

सभा स्टेशन रोडच्या मंगल कार्यालयात होती. निधीचा माणूस ऋत्विक सबनीस, तिशीतला, बोलायला गोड. त्यानं पडद्यावर आमच्या गावाची रेघ दाखवली. चढलेली, आणि गोळ्यांनी उतरलेली. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हणाला. मी उभी राहिले.

मी वर्गात बोलावं तसं बोलले. चरबी, ॲसिटोन, उपवास. माझे तीन दिवसांचे आकडे शबानानं पडद्यावर लावले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, बसा की आता! तास संपला!" हशा झाला. सन्मती पहिल्या रांगेत होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

सबनीसनं मात्र नीट ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर असेल तर ते फार महत्त्वाचं आहे. पण हा एका व्यक्तीचा प्रयोग झाला. मी सगळ्यांनाच विचारतो. भाद्रपदात इथे किती जणांनी असे उपवास केले होते? कृपया हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

ज्या गावात दहा उपवास करणाऱ्याची रथातून मिरवणूक निघते, ज्यांचे फोटो चौकाचौकात लागतात, त्या गावातली माणसं मांडीवर हात ठेवून बसून राहिली. माझ्या शेजारच्या बाईच्या गळ्यात उपवासाच्या कौतुकाची सोन्याची साखळी होती. ती छताकडे बघत होती. मी इतकी थकले होते की मला राग आला नाही. बसावं आणि डोळे मिटावेत असं वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेत विमल उठली. माझी भावजय कधी चारचौघांत बोललेली नव्हती.

"माझे दहा होते," ती म्हणाली.

सन्मती वळला. "विमल, खाली बस."

"बसते. पण माझे दहा होते. निर्मळ होते. मी ते आजार म्हणून लिहून देणार न्हाई. पैसे गेले तर जाऊ द्यात. माझं व्रत कुणी गोळ्यांच्या नावावर मांडायचं न्हाई."

ती बसली. मग छताकडे बघणाऱ्या बाईचा हात वर गेला. मग तिच्या मागचा. बायकांच्या रांगा आधी भरल्या, मग पुरुषांच्या. कुणीच सबनीसकडे बघत नव्हतं, सगळे विमलकडे बघत होते. मी वर्गात कितीही शिकवलं असतं तरी मला ते हात वर करता आले नसते.

मधुमेह केंद्र रद्द झालं. मला वाटलं, रत्नाबाई वाचलं. शबानानं त्या दिवशी पेढे वाटले.

महिन्याभरानं निधीनं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. सबनीस म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे आमची फार मोठी चूक टळली. आता देशभरातल्या उपवासांचा हिशेब यंत्रात घातलाय."

"आणि आमचं प्रसूतिगृह?"

त्यानं क्षणभर शालीची घडी नीट केली. तो वाईट मुलगा नव्हता.

"मॅडम, दुरुस्तीनंतर तुमच्या गावाचा अंदाज पुन्हा काढला. गाव फारच निरोगी निघालं. आजार कमी, जन्म कमी. अशा ठिकाणी आम्हाला राहता येत नाही. केंद्र झालं असतं तर प्रसूतीच्या चार खाटा तरी शेजारी ठेवता आल्या असत्या, एवढं मी भांडून मिळवलं असतं."

मी विचारलं, "मग हे त्या सभेत का नाही सांगितलंत?"

"तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं."

निधीनं रत्नाबाई विकायला काढलं. शबाना गावातल्या प्रत्येक मोठ्या घरी जाऊन आली, आपण मिळून परत घेऊ म्हणून. भाव पडलेला होता, लोकांचे हात पोळलेले होते. काहींनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. इमारत विजेवरच्या मोटारी विकणाऱ्या एका माणसानं घेतली. जिथे बाळांच्या काचेच्या पेट्या होत्या, तिथे गाड्या उभ्या राहिल्या.

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की खरं बोललं म्हणजे भलं होतं. आता कुणी विचारलं तर सांगते, खरं बोललं म्हणजे खरं काय ते कळतं. त्यापुढचं काही माझ्या विषयात येत नाही.

या सगळ्याला पंधरा वर्षं झाली. ऋत्विक सबनीस निधी सोडून गेला. एका सरकारी रुग्णालयाचं काम बघतो असं ऐकलं. दिवाळीला त्याचा संदेश येतो, मीही उत्तर देते. शबानानं दोन खोल्या भाड्यानं घेऊन तीन-चार वर्षं एकटीनं बाळंतपणं केली. मग नव्या नियमांत तेवढ्या जागेला परवाना मिळेना, तेव्हा ती मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली. आता निवृत्त आहे, ईदला शिरखुर्मा घेऊन येते आणि माझा रक्तदाब बघून जाते. विमलनं त्यानंतरही अनेक वर्षं दहा उपवास केले, वयानं झेपेना तेव्हा थांबली. गावानं तिला कधी दोष दिला नाही. दोष मला दिला, आणि सन्मतीला.

लोक खरोखर त्याच्या दारात आले. त्यानं आपला पुण्यातला फ्लॅट विकून जेवढ्यांचं जमेल तेवढ्यांचं भागवलं. ते त्याच्यावर कुणी लादलं नव्हतं. माझ्याशी मात्र तो बोलेना. भाऊबिजेला विमल एकटी यायची आणि त्याच्या वतीनं पाकीट ठेवायची. मी ते उघडत नसे.

पाचव्या वर्षी त्याची मुलगी अर्पिता बाळंतपणाला माहेरी आली. बारशाचं बोलावणं विमलनं दिलं. मी जावं की न जावं करत गेले. सन्मती दारातच उभा होता. केस पार पांढरे झाले होते.

"ये अक्का," म्हणाला. जसं काही मी कालच येऊन गेले होते.

आत बायका गाणी म्हणत होत्या. तो मला पाळण्यापाशी घेऊन गेला. मुलगी झोपली होती, मुठी घट्ट आवळून.

"सांगलीपर्यंत पोचलो न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "अंकलीच्या पुलावर झाली. गाडीत. पाऊस होता. विमलनंच नाळ धरून ठेवली."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पोरीकडे बघत होता.

"दाखल्यावर सांगली लिहिलंय. आता गावात माणसं मरत्यात फक्त, अक्का. जन्मत कुणी न्हाई."

मला वाटलं, आता तो म्हणेल, तुझ्यामुळे. किंवा म्हणेल, माझ्यामुळे. त्यानं पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली आणि तो लोकांना जेवायला बसवायला निघून गेला.

नाव ठेवायचा मान आत्याआजीचा नसतो. तरी विमलनं मला विचारलं. मी म्हटलं, आधी झोपू दे तिला. आणि पाळणा हलवत राहिले.